‘सीसीएनए किट’ घेऊ का?

गेल्या अंकात नेटवर्किंग आणि सर्व्हरच्या सर्टिफिकेशनच्या तयारीबद्दल लिहिताना ‘घरी छोटीशी लॅब करा’ असं एक वाक्य मी लिहून गेले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी सदरात दुसरा विषय नाही. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

सांगलीहून एक आई लिहितात: मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला सीसीएनए करायचंय. एक विक्रेता ‘सीसीएनए किट’ देतो म्हणतोय: दोन राउटर, तीन स्विच, केबल, सगळं सेकंडहँड, ४२ हजारांना. मुलगा म्हणतो, घरी खरी लॅब असल्याशिवाय कुणी पास होत नाही. मी शिवणकाम करते. पैसे साठवलेत, पण मॅडम, खरंच लागतं का हे?

ताई, सध्या नाही. कारणं नीट सांगते, म्हणजे चिरंजीवांनाही वाचून दाखवता येतील. नुसतं ‘नाही’ ऐकून त्या वयात कुणी गप्प बसत नाही.

आधी परीक्षेचा हिशेब. सीसीएनए ही सिस्को या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा. फेब्रुवारी २०२० पासून २००-३०१ या क्रमांकाचा एकच पेपर असतो, वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर आणि वर कर. रुपयांत ते पंचवीस हजारांच्या पुढेच जातं. तेवढे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवा. खोलीत राउटरची उतरंड आणि फी भरायला पैसे नाहीत, अशी मुलं मी पाहिली आहेत.

विक्रेत्याची यादी पत्रासोबत जोडलीत हे बरं केलंत. त्यातले राउटर १८४१ मॉडेलचे आहेत. हे मॉडेल २००४ साली बाजारात आलं, आणि सिस्कोने त्याचा सपोर्ट कधीच बंद केलाय. सोबत दोन सीरियल केबल आणि ‘फ्रेम रिले लॅब’ची छापील पुस्तिका. फ्रेम रिले ही दूरची ऑफिसं जोडण्याची जुनी पद्धत, ती अभ्यासक्रमातून जाऊन बरीच वर्षं झाली. राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायच्या पद्धतींपैकी आरआयपी आणि ईआयजीआरपीची कॉन्फिगरेशनही आताच्या पेपरात विचारत नाहीत, मुख्य भर ओएसपीएफ या पद्धतीवर आहे. उलट १० टक्के भाग ऑटोमेशनचा, म्हणजे प्रोग्रॅमकडून उपकरणं चालवण्याचा आहे, एपीआय आणि जेसन वगैरे, आणि तिथे १८४१ पार मुका. विक्रेता खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. त्याच्या गोदामात जे पडून आहे, ते तो विकतोय.

मग सराव कशावर करायचा? पॅकेट ट्रेसरवर. सिस्कोच्याच नेटवर्किंग अकॅडमीवर खातं उघडलं की ते फुकट मिळतं. तो खरा राउटर नव्हे, राउटरची नक्कल आहे, आणि काही कमांड त्यात नाहीतच. पण व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं), ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारी जोडणी), ओएसपीएफ, एसीएल (कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला अडवायचं याची यादी), नॅट (बाहेर जाताना पत्ता बदलणं), अगदी वायरलेस कंट्रोलरसुद्धा त्यात होतो. सीसीएनएच्या अभ्यासक्रमाचा बहुतेक भाग तिथेच उरकतो. तो अपुरा पडायला लागला की सिस्कोचं मॉडेलिंग लॅब्ज आहे. त्याची ५ उपकरणांपर्यंतची आवृत्ती फुकट आहे आणि त्यात सिस्कोची खरी ऑपरेटिंग सिस्टिम चालते. मात्र त्याला कॉम्प्युटर तगडा लागतो. म्हणून खर्च करायचाच तर लॅपटॉपवर करा: ८ जीबी रॅम असेल तर १६ करा, जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. उद्या पोरगा नेटवर्किंग सोडून दुसरीकडे वळला तरी रॅम वाया जात नाही.

एवढं करूनही त्याला लोखंडाला हात लावायचाच असेल, आणि ती हौस मला कळते, तर पुढच्या वर्षी एकच स्विच, म्हणजे कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडणारा डबा, घ्या. मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून घ्या. सिस्कोच्या २४ पोर्टच्या २९६० ला पंखा असतो आणि तो सर्व्हर रूमसाठी बनवलेला आहे, तुम्ही रात्री त्याच खोलीत झोपणार असाल तर नको. ८ पोर्टचा २९६०-८टीसी बिनपंख्याचा आहे. पीओईवाला (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) घेऊ नका, वीज जास्त खातो. सोबत यूएसबीची कन्सोल केबल, लॅपटॉपवरून स्विचला थेट कमांड द्यायला. त्या कमांड ज्यात टाइप करायच्या त्या पुटी सॉफ्टवेअरमध्ये स्पीड ९६०० आणि फ्लो कंट्रोल बंद, नाहीतर काळ्या पडद्याकडे बघत बसेल आणि स्विच बिघडलाय असं वाटेल.

खऱ्या स्विचवर एक गोष्ट छान कळते. लॅपटॉपची केबल लावल्यावर पोर्टचा दिवा सुमारे ३० सेकंद केशरी राहतो, मग हिरवा होतो. स्विचमधला स्पॅनिंग ट्री लूप (केबलचं बंद वर्तुळ) आहे का ते तपासत असतो. पॅकेट ट्रेसरमध्येही तो केशरी ठिपका दिसतो, पण तिथे वेळ पुढे पळवायचं बटण आहे. खऱ्या स्विचपुढे ते अर्धं मिनिट काढलं की ही वाट बघणं टाळणारं पोर्टफास्ट कशासाठी असतं ते सांगावं लागत नाही.

परभणीहून विद्यार्थी: ताई, माझा लॅपटॉप आय३, ८ जीबी रॅम, विंडोज ११. आरएचसीएसएसाठी (रेड हॅट कंपनीची लिनक्सची परीक्षा) व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरं, व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्स टाकलं. खाली कोपऱ्यात कासवाचं चित्र येतं आणि सगळं कासवासारखंच चालतं. नवा लॅपटॉप मागितला तर घरचे मारतील. मित्राकडे तिसऱ्या पिढीचा आय५ डेस्कटॉप पडून आहे, तो चालेल का?

मार खाऊ नकोस, लॅपटॉप चालेल. ते कासव व्हर्च्युअलबॉक्सच तुला दाखवतोय. प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय हायपर-व्ही या विंडोजच्या स्वतःच्या तशाच सॉफ्टवेअरने आधीच धरून ठेवली आहे, आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या डोक्यावर बसून काम करावं लागतंय. विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशन उघड, मेमरी इंटिग्रिटी बंद कर. ‘विंडोज फीचर्स’मध्ये हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म यांच्यापुढची टिकची खूण घालव. रीस्टार्ट. याच लॅपटॉपवर वडील बँकेचे व्यवहार करत असतील तर अभ्यास संपल्यावर मेमरी इंटिग्रिटी परत चालू कर, ती सुरक्षेसाठी आहे.

दुसरं, तू लिनक्स ग्राफिकल डेस्कटॉपसकट टाकलं असणार. ते काढ आणि मिनिमल इन्स्टॉल कर. २ जीबी रॅम दे आणि विंडोजच्या टर्मिनलमधून एसएसएच करून (नेटवर्कवरून लॉगइन करून) काम कर. ८ जीबीत अशी दोन मशीन कशीबशी बसतात, आणि आरएचसीएसएला दोन पुरतात.

कुठलं लिनक्स? रेड हॅटच्या डेव्हलपर प्रोग्रॅममध्ये एका व्यक्तीला १६ मशीनपर्यंत खरं आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स) फुकट मिळतं, तेच घे. जुन्या व्हिडिओंत सेंटओएस ८ हा त्याचा मोफत जुळा दिसेल. ते २०२१ च्या अखेरीस संपलं, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. मित्राच्या डेस्कटॉपवर आरएचईएल ९ चालेल, १० चालणार नाही. १० ला एव्हीएक्स२ (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा एक संच) असलेला प्रोसेसर लागतो आणि इंटेलने तो चौथ्या पिढीपासून दिला. आरएचईएलसारख्याच मोफत अल्मालिनक्स १० ने जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी आवृत्ती काढली आहे, त्या डेस्कटॉपवर ती टाकता येईल. परीक्षा कुठल्या आवृत्तीवर आहे ते नोंदणी करताना बघ आणि त्याच आवृत्तीवर सराव कर.

या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, काम करून दाखवायचं असतं. ३०० पैकी २१० गुण लागतात, आणि मशीन रीस्टार्ट झाल्यावर जे टिकून राहील तेवढंच मोजतात. मशीनला २ जीबीच्या चार जादा व्हर्च्युअल डिस्क जोड, त्या फुकटच असतात. त्यांवर एलव्हीएम (अनेक डिस्क जोडून हवे तसे भाग पाडणं) कर, मोड, परत कर. मग एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची फाइल) मुद्दाम चुकीचा यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) टाकून रीस्टार्ट दे. मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पडेल. तिथून त्याला बाहेर काढणं जमलं की परीक्षेची अर्धी भीती गेली. आधी स्नॅपशॉट (मशीनची आहे त्या स्थितीतली प्रत) घे, पण तो परत वापरण्याची घाई करू नकोस.

पिंपरीहून: ऑफिसमधून भंगारात निघालेला रॅक सर्व्हर भावाने स्वस्तात आणून दिलाय. ६४ जीबी रॅम आहे! चोवीस तास चालू ठेवू का?

तुमचं उद्गारचिन्ह समजलं. आता बिल बघा. असे जुने सर्व्हर रिकामे बसले तरी १५० वॅट सहज खातात. दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. महावितरणच्या घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटांचा असतो. म्हणजे तो टप्पा सर्व्हर एकटाच गिळणार आणि तुमचा फ्रिज, पंखे, टीव्ही सगळं पुढच्या चढ्या दरात जाणार. रोज चार तास चालवलात तर १८ युनिट होतात, तेवढं चालेल. गॅलरीत ठेवू नका, पावसाळा आहे. आणि चालू करण्याआधी घरात सांगून ठेवा, सुरुवातीला त्याचे पंखे पूर्ण वेगाने फिरतात.

ठाण्याहून: मुलांमुळे सात वर्षं घरी होते, आता परत आयटीत जायचंय. एका क्लासमध्ये एमसीएसए (मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट) शिकतेय. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज सर्व्हर टाकून डीएचसीपी (नेटवर्कवर येणाऱ्याला पत्ता वाटणारी सेवा) सुरू केलं. दहा मिनिटांत नवऱ्याची ऑनलाइन मीटिंग तुटली, सासूबाईंच्या फोनवरची मालिका थांबली. सर्व्हर बंद केला तरी सासूबाईंचा फोन संध्याकाळपर्यंत नीट चालेना. ‘तुझी लॅब’ हा आता घरात चेष्टेचा विषय झालाय. नेमकं काय झालं?

अभिनंदन. तुमचा डीएचसीपी सर्व्हर उत्तम चालत होता, फक्त चुकीच्या लोकांसाठी.

व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क तुम्ही ‘ब्रिज्ड’ ठेवलं असणार. ब्रिज्ड म्हणजे ते मशीन घरच्या वायफायवर, बाकी सगळ्या फोन-लॅपटॉपच्या पंगतीला जाऊन बसतं. फोन नेटवर्कवर आला की तो सगळ्यांना उद्देशून विचारतो, ‘मला आयपी, म्हणजे पत्ता, कोण देतंय?’ आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं सहसा मानतो. घरचा राउटर उत्तर देतोच, पण तुमच्या सर्व्हरने चपळाई केली. त्याने दिलेल्या पत्त्यात गेटवे (बाहेर जायचं दार) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) तुमच्या लॅबचे होते, म्हणून मालिका थांबली. सर्व्हर अजून डोमेनमध्ये (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या कॉम्प्युटरांच्या गटात) नव्हता, नाहीतर अॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे त्या गटाच्या मध्यवर्ती नोंदवहीत, त्याला आधी अधिकृत करावं लागतं आणि हा प्रसंग टळला असता.

फोन संध्याकाळपर्यंत का अडला? पत्ता ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो, आणि विंडोज सर्व्हरमध्ये ती मुदत आठ दिवसांची ठेवलेली असते. फोन तोच पत्ता धरून बसला. अशा वेळी वायफायचं नेटवर्क फोनमधून काढून टाकायचं आणि पुन्हा जोडायचं. लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग रिलीज, मग रिन्यू.

आता लॅबची रचना बदलू. सर्व्हरचं आणि क्लायंटचं नेटवर्क ‘इंटर्नल’ करा. दोघं एकमेकांना दिसतात, घराला दिसत नाहीत. सर्व्हरला अपडेटसाठी इंटरनेट हवं असेल तर दुसरं नेटवर्क कार्ड जोडा आणि ते ‘नॅट’वर ठेवा, पण डीएचसीपी पहिल्याच कार्डाला बांधा. ‘होस्ट-ओन्ली’ निवडलंत तर व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा डीएचसीपी तिथे चालू असू शकतो, तो आधी बंद करा. पत्त्यांसाठी १९२.१६८.१ ची मालिका टाळा, घरच्या राउटरचीही बहुधा तीच असते. १०.५०.० वगैरे काहीतरी घ्या, म्हणजे पत्ता पाहिल्या पाहिल्या कळतं की हे लॅबचं आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. एमसीएसए मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ मध्येच बंद केलं. क्लासवाल्यांना विचारा की शेवटी तुम्ही कुठल्या क्रमांकाची परीक्षा देणार आहात. क्रमांक सांगता आला नाही तर उरलेले हप्ते भरण्याआधी विचार करा. विषय वाया गेलेले नाहीत, अॅक्टिव्ह डिरेक्टरी, डीएनएस, ग्रुप पॉलिसी रोजच्या नोकरीत लागतातच, पण सर्टिफिकेट कुठलं हे माहीत हवं. सर्व्हरची मूल्यांकन आवृत्ती मायक्रोसॉफ्टकडून १८० दिवसांसाठी फुकट मिळते. क्लासने पेन ड्राइव्हवर दिलेली ‘अॅक्टिव्हेटेड’ प्रत वापरू नका.

मला विचाराल तर घरच्यांची चेष्टा मनावर घेऊ नका. नोकरीच्या मुलाखतीत हा किस्सा सांगा, असाच्या असा. डीएचसीपी कळलंय हे सिद्ध करायला याहून बरं उत्तर मला सुचत नाही.

एक वाचक (गाव लिहिलेलं नाही): मित्राने मागच्या परीक्षेतल्या खऱ्या प्रश्नांची पीडीएफ दिली आहे. लॅब करत बसण्यापेक्षा तीच पाठ केली तर?

गाव का लिहिलं नाही ते समजलं. परीक्षेआधी तुम्ही ज्या करारावर ‘मान्य’ म्हणता, त्यात हे स्पष्टपणे निषिद्ध आहे. पकडलं गेलं तर निकाल रद्द होतो, सर्टिफिकेट काढून घेतात, पुढे परीक्षा देण्यावर बंदी येऊ शकते. शिवाय त्या पीडीएफमधली उत्तरं कुणीतरी अंदाजाने भरलेली असतात. मुलाखत घेताना अशी मंडळी मला दुसऱ्या प्रश्नालाच कळायची. सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) तोंडपाठ, आणि ‘हा मशीन त्या नेटवर्कमध्ये आहे का?’ विचारलं की छताकडे नजर.

मडगावहून: मी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला आहे, वय ३८, मुलगी सहावीत. रात्री दोन तास मिळतात. पॅकेट ट्रेसरवर व्हिडिओ बघून सगळ्या लॅब करतो, त्या चालतात, पण दुसऱ्या दिवशी डोकं कोरं. या वयात होईल का?

वयाचं सोडा. व्हिडिओत बघून टाइप केलेली लॅब कुणाच्याच डोक्यात राहत नाही, विशीतल्याच्याही नाही. ती शुद्धलेखनाची वही झाली.

रात्रीचे दोन तास असे वापरून बघा. तीन राउटरचा त्रिकोण, प्रत्येकाला एक स्विच, प्रत्येक स्विचला एक पीसी. राउटर आणि स्विचमध्ये ट्रंक ठेवा, ओएसपीएफ आणि एक एसीएल लावा, सगळ्यांचा सगळ्यांना पिंग (‘पोचतंय का?’ ही चाचणी) जाऊ दे, फाइल सेव्ह करा. हे एकदाच करायचं. दुसऱ्या दिवसापासून त्याच फाइलची प्रत उघडून एक बिघाड करायचा आणि शोधायचा. बिघाड तुम्ही स्वतः केलात तर उत्तर माहीत असतं, म्हणून चिठ्ठ्या करा. प्रत्येक चिठ्ठीवर एक बदल आणि त्याची कमांड लिहा. घरात कुणीही, ज्याला नेटवर्किंगचा गंध नाही तोसुद्धा, चिठ्ठी काढून ती ओळ टाइप करू शकतो. मुलगी सहावीत आहे म्हणता, तिला हे काम फार आवडेल.

चिठ्ठ्यांवर काय लिहायचं? एका राउटरचा हॅलो टायमर (दर किती सेकंदांनी शेजाऱ्याला ‘मी आहे’ सांगायचं) १० चा ५ करा. डेड टायमर (किती सेकंद हॅलो आला नाही की शेजारी गेला असं धरायचं) आपोआप २० होतो, समोरच्याचा ४० राहतो, आणि जास्तीत जास्त ४० सेकंदांत शेजारी यादीतून गायब. ट्रंकमधून एक व्हीलॅन काढा. एका इंटरफेसला पॅसिव्ह करा, म्हणजे तिथून हॅलो जाणार नाही. एसीएलमध्ये परवानगीची शेवटची ओळ खोडा, म्हणजे खाली न दिसणारी मनाई सगळं अडवेल. पीसीचा गेटवे चुकवा, हा सर्वांत साधा बिघाड आणि सर्वांत उशिरा सापडणारा.

माझी आवडती चिठ्ठी मास्कची आहे. दोन राउटरमध्ये १०.०.१२.१ आणि १०.०.१२.२ हे पत्ते. एका बाजूला मास्क २४, दुसऱ्या बाजूला २५ करा. पिंग जातो. केबल ठीक, पत्ते ठीक, इंटरफेस अप, आणि तरी ओएसपीएफचे शेजारी जुळत नाहीत, कारण ईथरनेटवर हॅलोमधला मास्क दोन्हीकडे सारखाच लागतो. दोन्ही पत्ते २४ च्या पहिल्या अर्ध्यात, म्हणजे एकाच २५ मध्ये बसतात म्हणून पिंगला हा घोटाळा कळत नाही. ‘पिंग चालतोय म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ असं ठामपणे सांगणारे इंजिनिअर मी नोकरीतही पाहिलेत, आणि तेही चांगल्या पगारावर.

एक वही ठेवा. लक्षण काय होतं, पहिली कमांड कुठली दिली, कारण काय निघालं. ऐरोलीच्या डेटासेंटरला रात्रपाळीत असताना नवीन मुलांना मी ‘काय झालं?’ असं विचारत नसे. ‘आधी कुठे बघितलंस?’ एवढंच विचारायचे. मधला रकाना त्यासाठी.

नोकरीचं खरं सांगते. नुसत्या सर्टिफिकेटवर ३८ व्या वर्षी नेटवर्क इंजिनिअर म्हणून कुणी लगेच घेणार नाही. पण चिडलेल्या पाहुण्याला रात्री दोन वाजता शांत करणारा माणूस हेल्पडेस्कला हवाच असतो. तुमच्या हॉटेलमध्येच खोल्याखोल्यांचं वायफाय, पाहुण्यांचं वेगळं, बिलिंगचं वेगळं असं नेटवर्क असणार. तिथल्या आयटीवाल्याशी ओळख काढा आणि रॅक दाखवायला सांगा. पाहुण्यांना बिलिंगच्या मशीनपासून लांब कसं ठेवलंय ते विचारा. व्हीलॅनचा धडा तिथेच भेटेल.

साताऱ्याहून: जुना २९६० स्विच घेतला, पण त्याला आधीच्या मालकाचा पासवर्ड आहे.

वीज काढा. पुढचं मोड बटण दाबून धरा आणि धरलेलं असतानाच वीज द्या. दिवा लुकलुकायचा थांबला की सोडा. कन्सोलवर जो साधा प्रॉम्प्ट येईल तिथे फ्लॅश (स्विचची फाइलींची साठवण) सुरू करा, कॉन्फिग डॉट टेक्स्ट या सेटिंग्जच्या फाइलचं नाव बदला आणि बूट करा. स्विच कोरा उठेल, पण जुने व्हीलॅन तसेच दिसतील. ते व्हीलॅन डॉट डॅट या वेगळ्या फाइलमध्ये असतात, तीही काढून टाका.

नागपूरहून: घरात काहीच नको, सगळी लॅब एडब्ल्यूएसवर (अॅमेझॉनच्या भाड्याच्या क्लाउडवर) केली तर?

क्लाउडच्या परीक्षेसाठी तेच योग्य. सीसीएनएसाठी नको, तिथे स्विच आणि व्हीलॅनचा सराव होत नाही. जुलै २०२५ पासून नव्या खात्याला क्रेडिट मिळतं, जास्तीत जास्त २०० डॉलरचं, आणि मोफत योजना सहा महिन्यांची असते. पहिल्या दिवशी, सर्व्हर उभा करण्याआधी, बजेटचा अलर्ट लावा. मशीन ‘स्टॉप’ केलं तरी त्याच्या डिस्कचे पैसे चालू राहतात. नॅट गेटवेचे (आतल्या मशीनना इंटरनेटपर्यंत नेणारं दार) पैसे त्यातून काहीही गेलं नाही तरी तासावर लागतात, आणि सरावानंतर तो काढायला लोक नेमके विसरतात. लॅब संपली की आधी तो डिलीट करा, मग त्याच्यासाठी राखून ठेवलेला पत्ता, म्हणजे इलास्टिक आयपी, सोडा.